रापण, दशावतार आणि मॅन्युअल फोकस: सी१, सी२, सी३ मध्ये काय भरावं

तुमचा प्रश्न मला असा समजला. छोटा मिररलेस कॅमेरा घेतलाय, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा. सोबत किट झूम आणि एक ३५ मिमी एफ/१.८. मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर सकाळी रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीचे, फोटो काढता, तेव्हा ऑटोफोकस माणसांचे चेहरे सोडून मधल्या दोरीवर नाहीतर जाळ्यावर बसतो. रात्री दशावतारात तो पुढे-मागे शोधत राहतो आणि तेवढ्यात हवा तो क्षण निघून जातो. म्हणून तुम्ही मॅन्युअल फोकसवर गेलात. स्क्रीनवर कडा लाल दिसतात, फोकस बसला असं वाटतं, आणि घरी लॅपटॉपवर उघडलं की फोटो सॉफ्ट. शिवाय डायलवरचे सी१, सी२, सी३, म्हणजे आपली सेटिंगं साठवायच्या कस्टम जागा, अजून रिकामे आहेत आणि त्यांत काय भरायचं ते कळत नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मी बरीच वर्षं लग्नं, पालख्या, जत्रा आणि बंदरं यांचे फोटो काढतोय, त्यामुळे तुमच्या या दोन्ही जागा माझ्या रोजच्या कामातल्या आहेत. तुम्ही जे एकच दुखणं म्हणून लिहिलंय त्यात मला तीन वेगळ्या अडचणी दिसतात. दिवसा ऑटोफोकसला वस्तू सापडते, पण चुकीची. रात्री त्याला काहीच नीट सापडत नाही. आणि मॅन्युअलमध्ये तुम्ही जे बघून निर्णय घेताय ते दृश्यच पुरेसं खरं नाही. तिन्हींवर ‘मॅन्युअलवर जा’ हे एकच उत्तर चालणार नाही.

माझ्या हिशेबानं मॅन्युअल फोकसचा खरा उपयोग एकच आहे: अंतर आधी ठरवून ठेवणं. हलत्या माणसामागे रिंग फिरवत फोकस पकडायचा प्रयत्न केला तर आजचा कुठलाही बरा मिररलेस आपल्यापेक्षा सरस ठरतो. पण कॅमेऱ्याला एक गोष्ट कधीच माहीत नसते: पुढच्या मिनिटाभरात काय घडणार आहे. ती तुम्हाला माहीत असते, कारण रापण तुम्ही लहानपणापासून बघताय. त्या माहितीचा उपयोग करून घ्यायचा तर अंतर तुम्ही ठरवायचं आणि कॅमेऱ्याला त्यात लुडबूड करू द्यायची नाही. कस्टम सेटिंगही त्याचसाठी: जे निर्णय घरी बसून शांतपणे घेता येतात ते किनाऱ्यावर घ्यावे लागू नयेत.

काही गोष्टी तुमच्या सामानावर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. पुढचे सगळे आकडे मी एपीएस-सी सेन्सर धरून दिलेत. मायक्रो फोर थर्ड्स (आणखी लहान सेन्सर) असेल तर त्याच लेन्सला, त्याच अ‍ॅपर्चरला खोली, म्हणजे पुढून मागे शार्प येणारा पट्टा, थोडी कमी भरेल. तुमच्या लेन्सची फोकस रिंग खरोखर काचा हलवते की नुसता मोटरला इशारा देते, यावर बराच फरक पडतो. तुमचे डोळे कसे आहेत, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरला डोळा लावता का, हेही आहेच. आणि फोटो शेवटी कुठे जाणार? मोबाइलवर पाठवायचा असेल तर जे ‘शार्प’ म्हणून चालतं, ते मोठ्या प्रिंटला चालेलच असं नाही.

आता आधी निदान करू, कारण ‘सॉफ्ट’ या शब्दात तीन वेगळे दोष लपलेले असतात. घरी फोटो शंभर टक्के मोठा करा आणि कुठेतरी काहीतरी शार्प आहे का ते शोधा. पुढची वाळू, मागची होडी, शेजारच्या माणसाचा खांदा असं काहीतरी कडक शार्प असेल आणि फक्त चेहरा नसेल, तर फोकस चुकलाय. काहीच शार्प नसेल आणि सगळं एकाच दिशेला किंचित ताणल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हललाय. होडी, वाळू, उभी माणसं शार्प आहेत आणि फक्त ओढणाऱ्यांचे हात-पाय फिसकटलेत, तर शटर कमी पडलाय. लोक मला ‘फोकस बसत नाही’ म्हणून जे फोटो दाखवतात त्यांतल्या बऱ्याच फोटोंत फोकस बरोबर असतो आणि शटर १/६० वर पडलेला असतो. रापण ओढणारा माणूस सगळं शरीर मागे झोकून देतो. त्याला थांबवायला १/५०० तरी लागतो. स्टॅबिलायझर तुमचा हात स्थिर करतो, समोरच्या माणसाचा नाही.

दुसरी तपासणी अगदी साधी आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीक चाक असतं, डायऑप्टरचं. ते तुमच्या डोळ्याला जुळवलं नसेल तर फोकस बरोबर असूनही धूसर दिसेल आणि तुम्ही रिंग फिरवत बसाल. जुळवताना समोरचं दृश्य बघू नका. व्ह्यूफाइंडरमधले आकडे आणि अक्षरं कोरीव दिसेपर्यंत चाक फिरवा. बॅगेत कॅमेरा घासून हे चाक आपोआप फिरतं, म्हणून मी कामाला सुरुवात करण्यापूर्वी दर वेळी बघतो.

आता त्या लाल कडा. त्या कडा दाखवणारं फोकस पीकिंग अंतर मोजत नाही. स्क्रीनवरच्या चित्रात जिथे उजेड-अंधाराचा फरक एकदम तीव्र आहे, तिथे ते रंग भरतं. फोकसमधली कड तीव्र असते हे खरं, पण ओल्या जाळ्याचा प्रत्येक धागा, पाण्यावरची चकाकी, पांढरा फेस या गोष्टी फोकसपासून जरा दूर असल्या तरी पुरेशा तीव्र असतात, म्हणून त्या सगळ्या लाल होतात. याउलट सावलीतला सावळा चेहरा किंवा जुलैतल्या धुरकट पावसातली होडी नेमकी फोकसमध्ये असूनही एकही रेघ लाल होत नाही. शिवाय पीकिंग काम करतं ते छोट्या प्रिव्ह्यूवर, तुमच्या चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोवर नाही. रुंद लेन्सवर तर अर्धा किनारा लाल होतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

तरीही मी पीकिंग बंद करा म्हणणार नाही. त्याची पातळी ‘लो’ वर आणा. रंग कमी दिसेल, पण दिसेल तो जास्त खरा असेल. रंग विषयाप्रमाणे निवडा. निळ्या-हिरव्या नायलॉनच्या जाळ्यांवर लाल चांगला, पण शिमग्यात गुलाल उडत असताना किंवा दशावतारातल्या लाल-भगव्या वेषांवर लाल काय दिसणार? तिथे पिवळा किंवा पांढरा घ्या, तुमच्या मॉडेलात जो असेल तो. आणि एक उपाय मला फार उपयोगी पडतो: फोटो रॉमध्ये (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि पिक्चर स्टाइल कृष्णधवल ठेवा. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं काळं-पांढरं दिसतं, त्यावर पीकिंगचा रंग ताबडतोब उठून येतो, आणि रॉ फाइलमध्ये रंग जसेच्या तसे शाबूत राहतात. जेपेग मात्र कृष्णधवलच येईल, एवढं लक्षात ठेवा.

खरी खात्री हवी असेल तर मॅग्निफिकेशन, म्हणजे दृश्याचा एक भाग पाच-दहा पट मोठा करून बघणं. हे एका बटणावर लावून घ्याच. पण ते स्थिर गोष्टींसाठी: सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट, नांगरलेली होडी, रात्रीचे तारे. रापणीत दहा पट मोठं करून माणूस शोधायला गेलात तर तो चौकटीतून केव्हाच निघून गेलेला असतो.

तर मग रापणीत काय करायचं? अंतर ठरवायचं. तुम्हाला हे माहीतच आहे, पण फोटोच्या नजरेनं पुन्हा बघा: होडी जाळं अर्धवर्तुळात सोडत जाते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात, दोन रांगा ओढत ओढत एकमेकींच्या जवळ सरकतात आणि शेवटी सगळे मधल्या भागाभोवती गोळा होतात. म्हणजे पहिला बराच वेळ माणसं एका रांगेत, दोरीच्या कडेनं, जवळजवळ ठरलेल्या वाटेवर चालत असतात. तुम्ही दोरीपासून तीन मीटरवर उभे राहिलात की तुमच्या समोरून जाणारा प्रत्येक जण साधारण तीन मीटरवरच असणार. मग ऑटोफोकसला दर वेळी विचारायची गरज काय?

आकडे देतो. किट झूम २३ मिमीला ठेवा, अ‍ॅपर्चर एफ/५.६, फोकस ३ मीटरवर. सुमारे १.८ मीटरपासून ८ मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प येतं. एफ/८ केलं आणि फोकस ३.३ मीटरवर ठेवला तर साधारण १.६५ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत. या ३.३ मीटरला हायपरफोकल अंतर म्हणतात. काढायची रीत सोपी आहे: लेन्सची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, त्याला अ‍ॅपर्चरचा आकडा गुणिले ०.०२ यानं भागा. २३ चा वर्ग ५२९, भागिले ०.१६, म्हणजे सुमारे ३३०० मिलिमीटर. १६ मिमीला एफ/८ वर हेच अंतर १.६ मीटर येतं, आणि ५० मिमीला साडेपंधरा मीटरच्या पुढे जातं. म्हणून ही पद्धत रुंद लेन्सची आहे. ५० मिमीवर ती वापरायला गेलात तर निराशा होईल.

या आकड्यांवर आंधळा विश्वास मात्र नको. ०.०२ हा आकडा मध्यम आकाराची प्रिंट हातभर अंतरावरून बघितली तर काय शार्प वाटेल, या जुन्या गृहीतावर आधारलेला आहे. तुम्ही लॅपटॉपवर शंभर टक्के मोठं करून बघता तेव्हा पट्ट्याच्या दोन्ही टोकांना असलेली माणसं थोडी सॉफ्ट दिसणारच. मुख्य माणूस पट्ट्याच्या मधोमध, ठरवलेल्या अंतराजवळच हवा. आणि खोली वाढवायला एफ/१६ वर जाऊ नका. एपीएस-सीवर एफ/११ च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळंच चित्र थोडं उतरतं, शिवाय आयएसओ विनाकारण चढतो.

अंतर डोळ्यांनी ओळखायचा सराव लागतो. घरी टेप घेऊन भिंतीपासून २, ३ आणि ५ मीटरवर खुणा करा, तिथे उभे राहा, आणि चौकटीत उभा माणूस कुठून कुठपर्यंत बसतो ते बघा. २३ मिमीला आडव्या चौकटीत तीन मीटरवरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण बसतो, वर-खाली थोडीच जागा उरते. हे एकदा डोक्यात बसलं की अंतर मोजावं लागत नाही, चौकटच सांगते.

इथे तुम्हाला किट लेन्सची अडचण येईल, आणि माझ्या मते तुमच्या अर्ध्या त्रासाचं मूळ इथेच आहे. तिच्यावर अंतराचे आकडे नाहीत. रिंग कितीही फिरवा, ती कुठेच अडकत नाही, कारण ती फक्त मोटरला इशारा देते. बऱ्याच लेन्समध्ये रिंग भराभर फिरवली तर फोकस मोठी उडी घेतो आणि हळू फिरवली तर जेमतेम सरकतो, त्यामुळे हाताला सवयच लागत नाही. काही कॅमेऱ्यांत ही रिंग सरळ प्रमाणात चालवायचा पर्याय मेनूत असतो. तुमच्यात असेल तर तो निवडा. शिवाय कॅमेरा बंद झाला किंवा झोपी गेला की ठरवलेलं अंतर बरेचदा विसरलं जातं. काही किट लेन्स बंद होताना आत जातात आणि सुरू होताना पुन्हा सगळ्यात रुंद टोकाला उघडतात. झूम बदललात तरी फोकस सरकू शकतो.

म्हणून माझा क्रम असा. आधी झूम पक्का करायचा. मग ऑटोफोकसनं तीन मीटरवरच्या एखाद्या ठसठशीत गोष्टीवर फोकस घ्यायचा: होडीची नाळ, वल्ह्याचं टोक, एखाद्याची टोपली. मग एएफ/एमएफ (ऑटोफोकस/मॅन्युअल फोकस) बदलणारं बटण दाबून मॅन्युअलवर जायचं. आता रिंगला हात नाही. तुमच्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर अंतराची पट्टी दिसत असेल तर ती चालू ठेवा, म्हणजे चुकून धक्का लागला तर कळेल. कॅमेरा झोपायची वेळ वाढवून पाच मिनिटं करा. बॅटरी जास्त खाईल, पण खिशात दुसरी असली की काम भागतं. काही मॉडेलांत मॅन्युअल फोकसमध्ये असतानाच एएफ-ऑन बटण दाबलं की एकदा ऑटोफोकस होतो आणि पुन्हा मॅन्युअल राहतं. हे असेल तर सगळ्यात उत्तम, कारण रांग जवळ आली, अंतर बदललं, की एका दाबात नवं अंतर पक्कं होतं.

आणि शेवटी, जेव्हा सगळे जाळ्याभोवती गोळा होतात, बांगडे-तारल्या उसळतात आणि वरून कुरव घिरट्या घालतात, तेव्हा परत ऑटोफोकसवर या. तिथे अंतर सतत बदलतं, माणसं एकमेकांच्या आड येतात, आणि चेहरा मोकळा दिसतोय तोवर चेहरा ओळखणारा ऑटोफोकस चांगलं काम करतो. मॅन्युअलचा हट्ट तिथे नको. दोरी, जाळं, पाण्याचे शिंतोडे मधे असतील तेव्हा मॅन्युअल. चेहरा मोकळा असेल तेव्हा ऑटो. कोणता कधी, याची माझी हीच कसोटी आहे.

दिवसाच्या उजेडाचं थोडं. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी समुद्राकडे बघताना सूर्य पाठीशी असतो आणि पहिला काही वेळ माडांची-सुरूची सावली वाळूवर पसरलेली असते. ऑटोफोकसला हा उजेड फार सोयीचा. संध्याकाळी नेमकं उलट होतं: पाण्यावर सोनेरी चकाकी, समोर काळ्या आकृत्या, आणि ऑटोफोकस चकाकीवर धाव घेतो. संध्याकाळच्या आकृत्यांना म्हणून मी अंतर पक्कं करूनच ठेवतो.

आता दशावतार. इथे प्रश्न वेगळा आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळापुढच्या छोट्याशा रंगमंचावर, मोजक्या दिव्यांत, रात्र रात्र खेळ चालतो. उजेड कमी असला की ऑटोफोकसला कडांमधला फरक दिसत नाही आणि तो पुढे-मागे शोधतो. संकासूर (खेळातला असुर) काळ्या वेषात मागच्या गडद पडद्यापुढे उभा राहिला की त्याला पकडायला काहीच उरत नाही. पण राजा किंवा राणी मधल्या बाकड्यावर बसते तेव्हा अंतर पुन्हा ठरलेलंच! खेळ सुरू होण्याआधी, दिवे लागलेले असताना, त्या बाकड्याच्या काठावर फोकस घेऊन मॅन्युअल करा.

३५ मिमी, एफ/२, बाकडं ६ मीटरवर असेल तर साधारण ५ ते साडेसात मीटरचा पट्टा मिळतो. म्हणजे बाकड्याच्या पुढे पाऊलभर आणि मागे दीड मीटरच्या आत. संवादांच्या वेळी हे पुरतं. तुम्ही जवळ जाऊन ३ मीटरवर बसलात तर तो पट्टा जेमतेम अडीच वितींवर येतो, आणि मग नट नुसता वाकला तरी चेहरा निसटतो. त्यामुळे दशावतारात मी मुद्दाम थोडा मागे बसतो, हार्मोनियम-पखवाजवाल्यांच्या समोरच्या बाजूला. युद्धनृत्याला मात्र मॅन्युअल सोडून देतो: सतत फोकस, मधला एकच मध्यम चौकोन, आणि मुकुटातल्या चमकत्या खड्यांवर किंवा रंगवलेल्या भुवईवर तो धरायचा. तिथे कडा मिळतात.

हल्ली रंगमंचावर एलईडी दिवे असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. मेकॅनिकल शटर ठेवा, संवादाला १/१०० घ्या. युद्धाला १/२५० लागतो. अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, नसेल तर काही फ्रेम अंधाऱ्या येतील हे धरून चाला. फोकस घेताना पेटणारा नारिंगी-हिरवा मदतदिवा बंद करा. तो नटाच्या डोळ्यांत जातो, आणि पूजेच्या, देवाच्या जागी तर फार वाईट दिसतो. हाच दिवा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेळासला कासवांची पिल्लं बघायला गेलात तर बंद असलाच पाहिजे. पिल्लं उजेडाकडे वळतात. तिथे फ्लॅशही नको आणि मोबाइलचा टॉर्चही नको.

हे सगळं नीट समजलं की सी१, सी२, सी३ भरणं सोपं जातं, कारण प्रत्येकात एक प्रसंग जातो. आधी एक मर्यादा सांगतो. कस्टममध्ये मोड, शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओची मर्यादा, फोकसचा प्रकार, व्हाइट बॅलन्स, ड्राइव्ह हे साठवलं जातं. ठरवलेलं अंतर बहुतेक कॅमेऱ्यांत साठवलं जात नाही. ओएम सिस्टिमच्या काही मॉडेलांत आधी नेमलेल्या अंतरावर फोकस नेण्याची सोय आहे, पण ती सगळीकडे मिळत नाही. म्हणजे सी१ वर आलात की अंतर मात्र दर वेळी नव्यानं घ्यायचं. फुजीसारख्या कॅमेऱ्यांत शटरचं आणि अ‍ॅपर्चरचं वेगळं चाक असेल तर ते चाक जिथे आहे तेच खरं धरलं जातं. सी१ मध्ये काही साठवलं असलं तरी. निकॉनवर याच जागांना यू१, यू२ म्हणतात आणि सोनीच्या बऱ्याच मॉडेलांवर एमआर किंवा १, २, ३.

माझा सी१ दिवसाच्या हालचालीचा आहे. मॅन्युअल एक्स्पोजर, १/५००, एफ/८, आयएसओ ऑटो पण वरची मर्यादा ३२००, मॅन्युअल फोकस, पीकिंग लो, रॉ. उन्हात आयएसओ दोनशेच्या आसपास राहतो, सावलीत हजारापर्यंत चढतो, दोन्ही चालतं. वाळू आणि फेस पांढरे असल्यानं कॅमेरा चित्र अंधारं करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन थोडं वर, ०.३ ते ०.७. व्हाइट बॅलन्स उन्हाचा, पक्का. ऑटो ठेवला तर निळ्या जाळ्याकडे वळलं की माणसांचे रंग बदलतात.

सी२ रात्रीच्या रंगमंचाचा: मॅन्युअल एक्स्पोजर, १/१००, एफ/२, आयएसओ ऑटो ६४०० पर्यंत, मेकॅनिकल शटर, मदतदिवा बंद, आवाज बंद, एकच फोकस बिंदू, आणि ऑटोफोकस झाल्यावर रिंगनं दुरुस्ती करू देणारा मिश्र प्रकार. मीटरिंग (उजेड मोजण्याची पद्धत) स्पॉट किंवा मध्यभागी भर देणारं, कारण सगळा काळा पडदा मोजला तर रंगवलेला चेहरा जळून जातो.

सी३ तिकाटण्याचा (ट्रायपॉडचा), आणि त्यात मी सगळ्यात जास्त गोष्टी साठवतो कारण रात्री अंधारात मेनू शोधणं नको वाटतं. मॅन्युअल एक्स्पोजर, आयएसओ पक्का, मॅन्युअल फोकस, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर बंद, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद (चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकून राहतो), स्क्रीनचा उजेड कमी.

या सी३ ला तुम्ही विचारलं नसलेला एक विषय जोडतो, कारण तो तुमच्या दारातच आहे. हिवाळ्याच्या अंधाऱ्या रात्री आपल्या किनाऱ्यावर काही वेळा लाटा फुटताना निळसर चमकतात. तो नोक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव. तिथे ऑटोफोकसचा काहीच उपयोग नाही. दूरच्या होडीच्या नाहीतर खांबावरच्या दिव्यावर मॅग्निफिकेशन लावून फोकस घ्या आणि सोडून द्या. १६ मिमी एफ/२ लेन्स असेल तर सहा-साडेसहा मीटरवर फोकस ठेवला की सव्वातीन मीटरपासून पुढे सगळं चालतं. किट झूम एफ/३.५ ला असेल तर साधारण पावणेचार मीटर. रिंग एका दिशेला शेवटपर्यंत फिरवून ‘हे अनंत’ असं समजू नका. हल्लीच्या लेन्स अनंताच्याही थोड्या पुढे जातात. आयएसओ ३२००, आठ ते पंधरा सेकंद यापासून सुरुवात करा. तिकाटण्याचे पाय भिजल्या वाळूत रोवू नका, कारण प्रत्येक लाटेनं पायाखालची वाळू निघते आणि फोटो हलतो. दोन पावलं मागे, कोरड्या वाळूत, पाय दाबून बसवा.

आणखी एक खबरदारी. बऱ्याच कॅमेऱ्यांत सी१ मध्ये असताना केलेला बदल डायल फिरवला की विसरला जातो. काहींत तो आपोआप साठवला जातो. तुमचा कुठल्या प्रकारचा आहे ते घरीच करून बघा: सी१ मध्ये शटर बदला, डायल दुसरीकडे नेऊन परत आणा. आपोआप साठवत असेल तर तो पर्याय बंद करा. नाहीतर एका संध्याकाळी तात्पुरता लावलेला १/३० दुसऱ्या सकाळी रापणीवर तसाच राहतो. तिन्ही सेटिंगं कागदावर लिहून बॅगेत ठेवा. फर्मवेअर अपडेट किंवा रिसेट केल्यावर सगळं पुसलं गेलं तर पाच मिनिटांत परत भरता येतं.

खाऱ्या हवेबद्दल थोडक्यात, कारण फोकसशी तिचा सरळ संबंध आहे. लेन्सवर मिठाचा पातळ थर बसला की चित्रातला उजेड-अंधाराचा फरक मंदावतो, आणि मग ऑटोफोकसही शोधत राहतो, पीकिंगही दिसेनासं होतं. आधी ब्लोअरनं वाळू उडवा, मग किंचित ओलसर मायक्रोफायबरनं मीठ उचलून घ्या, मग कोरड्यानं पुसा. कोरडंच घासलंत तर वाळूचा कण ओरखडा काढतो. एसी खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर नेलात तर काच धुक्यानं भरते. बॅग बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. पावसाळ्यात सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली तर बुरशी धरत नाही.

सुरुवात करताना सगळं एकदम करू नका. पहिले काही दिवस फक्त सी१ घ्या, २३ मिमी, तीन मीटर, दुसरं काही नाही, आणि घरी आल्यावर वर सांगितलेली तपासणी प्रत्येक चुकलेल्या फोटोवर करा. शटर चुकतोय की अंतर, हे तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल, आणि मग सी२ ला हात घाला. कॅमेऱ्याचं नेमकं मॉडेल आणि ३५ मिमी लेन्सचं नाव लिहून पाठवा, सोबत न कापलेला एक रापणीचा आणि एक दशावताराचा फोटो, शटर-अ‍ॅपर्चरच्या माहितीसकट. एएफ/एमएफचं बटण तुमच्या मेनूत कुठे आहे आणि रिंग सरळ प्रमाणात चालवता येते का, ते त्यावरून नेमकं सांगता येईल.